बाईंच्या डायरीतला बाप

सिनेमाच्या त्या साप्ताहिकात सगळ्यात जास्त काय वाचलं जायचं, तर बाईंची डायरी. बाई म्हणजे पडद्यावरच्या बाई. न्हाव्याच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत जिथे जाल तिथे त्यांचा फोटो. आणि त्यांची ही खाजगी डायरी लिहायचा कोण? साठीला टेकलेला, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला, सिनेमाला नेलं तर मध्यंतराच्या आत घोरायला लागणारा एक मुद्रितशोधक. बाईंना त्याने जन्मात समोरून पाहिलं नव्हतं. ऑफिसात त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला खाडाखोडे म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

यात फसवाफसवी नव्हती बरं का. पानाच्या तळाशी ‘ही डायरी काल्पनिक आहे’ अशी ओळ असायची. आता ती ओळ मुंगीएवढ्या अक्षरांत आणि वर बाईंचा डोळे पाणावलेला फोटो अर्धं पानभर, त्याला खाडाखोडे काय करणार? ओळ जरा ठळक करा म्हणून त्याने दोनदा सांगून पाहिलं. संपादक म्हणाले, ज्याला वाचायचीय तो भिंग घेऊन बसेल. तेव्हापासून त्याने तो नाद सोडला.

मुळात या ऑफिसात येणं हेच त्याच्या नशिबाचं उफराटं. सव्वीस वर्षं तो शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात होता. लाल पेन खिशाला, मजकूर समोर आणि पाठीमागे यंत्रांची धडधड, असा जन्म गेला. त्याच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली तर ती त्याला घरच्या माणसाच्या आजारपणासारखी लागायची, जेवण जायचं नाही. मग तो छापखाना बंद पडला. छप्पन्नाव्या वर्षी दारोदार फिरून शेवटी नोकरी लागली ती या साप्ताहिकात. आणि हेच साप्ताहिक त्याच्या मुलीच्या दप्तरात सापडलं होतं, तेव्हा त्याने ‘असला कचरा माझ्या घरात नको’ म्हणून तिच्यासमोर टराटरा फाडलं होतं. तेरा वर्षांची होती ती. फाडून काय उपयोग झाला म्हणा, दर गुरुवारी नवा अंक घरात यायचाच. गादीखाली, कपड्यांच्या घडीत, एकदा तर पिठाच्या डब्यामागे. बाई म्हणजे त्या पोरीचा जीव की प्राण.

ती मुलगी आता घरात नव्हती. आठ वर्षं झाली होती.

झालं होतं असं, की बापाने चार ठिकाणी शब्द टाकून तिला एका कचेरीत चिकटवली होती. वर्षभर तिने मुकाट्याने केलं. मग एक दिवस येऊन म्हणाली, राजीनामा दिलाय, गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत पोशाख शिवायचं काम मिळालंय, सोमवारी निघते. खाडाखोडे उठून आतल्या खोलीत जाऊन बसला. सोमवारी सकाळी ती बॅग घेऊन निघाली तेव्हाही तो आतच होता. ‘बाबा, निघते,’ असं ती दाराशी उभी राहून दोनदा म्हणाली. त्याला ऐकू आलं होतं. तो पुढ्यातल्या भूगोलाच्या पानावरून नजर न काढता बसून राहिला आणि जिना उतरण्याचा आवाज थांबेपर्यंत त्याने पान उलटलं नाही.

इथवर ठीक होतं असं मी म्हणणार नाही, पण असे बाप घरोघरी असतात. पुढे त्याने जे केलं ते मात्र दुसऱ्या कुठल्या बापाला सुचलंच नसतं. तीन महिन्यांनी तिचं पत्र आलं. सात पानांचं. आईला आणि बाबांना, दोघांना मिळून लिहिलेलं. आईने वाचलं, डोळे पुसले आणि त्याच्या हातात दिलं. रविवारची दुपार होती. तो टेबलाशी बसला आणि वाचायला लागला. कागद समोर आला की पेन हातात यायचं, ही छापखान्यातली खोड. पहिल्या पानावर त्याने एक शब्द सुधारला. मग दुसरा. राग तर होताच, आणि त्या रागाला लाल शाईने बरी वाट मिळाली. खोलीचं छत गळतं, पण मैत्रिणी चांगल्या आहेत. पहिल्यांदा राजाचा अंगरखा एकटीने शिवला. तुमची आठवण येते, बाबा. असं सगळं होतं त्यात. त्या सगळ्यावरून तो खुणा करत गेला. सातव्या पानाखाली, कच्च्या मजकुरावर लिहायचा तसं, त्याने लिहिलं, ‘पुन्हा लिहून काढावे.’ आणि पाकिटात घालून तेच पत्र तिला परत पाठवलं. स्वतःचं एक अक्षर नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, उत्तर टाकलं.

बायकोला हे कळलं ते मुलीच्या फोनवरून. शेजारच्या मावशींकडे फोन होता, त्यावर तिने केला होता. माझी काळजी करू नकोस, पण आता मी लिहायची नाही, असं ती आईला म्हणाली. तेव्हा आईचंही चुकलं. बाप आहे तो, एवढं काय मनाला लावून घेतेस, असं ती बोलून गेली. आणखी दोन फोन आले, तेही तुटक. मग आलेच नाहीत. दीडेक वर्षाने ती नाटक कंपनी मोडल्याचं कानावर आलं, आणि पोरगी कुठल्या गावी, कोणाकडे, काही पत्ता लागला नाही.

नवराबायको राहत होते ती दोन खोल्यांची जागा होती, तिसऱ्या मजल्यावर. दिवसभरात त्यांचं बोलणं व्हायचं ते दूध आणि औषधं यांच्यापुरतं. तिने त्याच्यावर कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तर अशा माणसाच्या हातात ती डायरी आली. आधी एक चुणचुणीत मुलगी ती लिहायची. ती मालिका लिहायला निघून गेली आणि संपादकांची धांदल उडाली. त्यांनी खाडाखोडेला बोलावलं. म्हणाले, नाहीतरी तिच्या मजकुरात अर्ध्याहून जास्त शब्द तुमचेच असायचे, दोन आठवडे ओढून न्या. त्याने मान डोलावली. जागेवर येऊन बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की दर गुरुवारी आपल्या मुलीच्या हातात जाणारा एक कागद या जगात आहे, आणि तो आपण लिहिणार आहोत.

बस्, त्या घटकेपासून माणूस बदलला. दोन आठवड्यांची तीन वर्षं झाली. त्याने बाईंच्या डायरीत बाईंचा बाप आणला. चित्रीकरण, हेवेदावे, दागिने हे सगळं तोंडी लावण्यापुरतं; खरी डायरी बापाची. आणि त्यात तो घरातल्या खुणा पेरत गेला. कडी नसल्यामुळे सुतळीने बांधलेली खिडकी. एक पाय आखूड असलेलं स्टूल आणि त्याखाली घडी घालून सरकवलेला पुठ्ठा. ताप आला की कपाळावर ओल्या फडक्याऐवजी थंडगार वाटी ठेवायची आईची पद्धत. हे वाचून पोरीला कळेल, हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणं शक्य नाही. कळलं की ती लिहील. लिहिलं की मग बघू. एवढीच त्याची आशा होती आणि तिच्यावर तो जगत होता.

पण जातीचा मुद्रितशोधक तो. चूक दिसली आणि तशीच राहू दिली, हे त्याच्या हातून व्हायचं कसं? डायरीतल्या बापाला त्याने दुरुस्त केलं. बाई पहिल्यांदा घर सोडून निघाल्या तेव्हा डायरीतला बाप बॅग उचलून बसथांब्यापर्यंत आला, खिडकीतून त्याने उकडलेली अंडी दिली, आणि बस वळेपर्यंत रस्त्यात उभा राहिला. बाईंचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्याने ते तीनदा वाचलं, उशीखाली ठेवलं आणि चार पानांचं उत्तर लिहिलं, ज्यात एकही उपदेश नव्हता. लिहिताना खाडाखोडेचे डोळे भरून यायचे. आपण किती चांगले होतो असं त्याला लिहून झाल्यावर खरोखर वाटायचं, आणि चहा प्यायल्यावर आठवायचं, की आपण नव्हतो.

एकदा बायकोने अंक चाळला. डायरीचं पान बराच वेळ वाचत बसली. मग विचारलं, हा माणूस कोण? तो म्हणाला, बाईंचे वडील.

‘असं होय,’ ती म्हणाली. ‘खिडकी आपली वाटली. स्टूलही आपलं. पण असा माणूस काही आपल्या घरात नव्हता.’

तिने अंक मिटून ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेली. तेव्हाच त्याला काय ते कळायला हवं होतं. पण माणूस आशेला लागला की त्याला कोणी शहाणं करू शकत नाही.

डायरीला मात्र बरकत आली. लोक बाईंपेक्षा बाईंच्या बापावर जीव टाकू लागले. एका शिक्षिकेने त्यांच्यासाठी हातमोजे विणून पाठवले. बाईंच्या सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा संपादकांच्या तोंडचं पाणी पळालं, आता नोटीस येणार म्हणून. निघालं भलतंच. बाईंचे खरे वडील त्या चार वर्षांच्या असताना घर सोडून गेले होते. सेक्रेटरी म्हणाला, बाईंना तो बाप आवडलाय, ठेवा. संपादकांनी त्या दिवशी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

बाईंच्या नावाने येणारी पत्रं फोडायचं काम खाडाखोडेने मागून घेतलं होतं. रोज सकाळी तो टेबलावर गठ्ठा ओतायचा आणि आधी नुसती पाकिटांवरची अक्षरं बघत जायचा. तीन वर्षं हे चाललं. आणि एका मंगळवारी ते अक्षर आलं. तोच उजवीकडे झुकलेला ‘ब’. त्याने पाकीट फोडलं नाही. पाणी प्यायला, चष्मा पुसला, खुर्ची खिडकीकडे ओढून घेतली आणि मग फोडलं.

‘बाईंना नमस्कार,’ असं पत्र होतं. ‘मी पोशाख शिवते. तेरा वर्षांची असल्यापासून तुमची आहे, पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय. तुमच्या वडलांबद्दल वाचते तेव्हा काम बाजूला ठेवते. तुमच्या घरातली खिडकी आणि स्टूल अगदी आमच्यासारखं आहे, हसूच आलं मला. माझी आईसुद्धा तापात वाटी ठेवायची. म्हटलं, गरिबाघरी सगळं सारखंच असतं. फक्त बाप सारखे नसतात. मी घर सोडलं तेव्हा माझे बाबा दारापर्यंत आले नाहीत. मी सात पानांचं पत्र लिहिलं, ते त्यांनी लाल शाईने तपासून मला परत पाठवलं आणि खाली लिहिलं, पुन्हा लिहून काढावे. मी हे कोणाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, बाप असेच असतात, त्यांचंही मन असेल, आपणच एकदा जाऊन यावं. दोनदा बॅगसुद्धा भरली होती. तुमची डायरी वाचल्यावर कळलं, की बाप कसा असू शकतो. आता जावंसं वाटत नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. मन एकदाचं मोकळं झालं. त्यासाठी तुमचे आणि तुमच्या वडलांचे आभार.’

खाली नाव नव्हतं. ‘तुमची एक वाचक’ एवढंच. पत्ता नव्हता. पाकिटावरचा शिक्का काळाभोर उमटलेला, गावाचं एक अक्षर लागत नव्हतं. त्याने तो उजेडात धरून पाहिला, भिंगाखाली पाहिला, टपाल कचेरीत नेऊन दाखवला. तिथला कारकून म्हणाला, काका, यातून तर देवालाही काही कळायचं नाही.

दोनदा बॅग भरली होती. ही तीन वर्षं तो डायरी लिहीत नसता तर ती तिसऱ्यांदा भरून कदाचित आलीही असती. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. त्याने बायकोला काही सांगितलं नाही. आठवडाभर धड जेवला नाही. मग त्याने ठरवलं, की आता एकच मार्ग आहे. खरं लिहायचं.

त्या आठवड्याच्या डायरीत बाईंनी लिहिलं, की माझ्या बापाबद्दल मी आजवर खोटं सांगत आले. तो दारापर्यंत आला नव्हता. तो आत बसून राहिला होता आणि त्याला ऐकू आलं होतं. माझं सात पानांचं पत्र त्याने लाल शाईने तपासून परत पाठवलं. काल म्हाताऱ्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, मी चुकलो, पोरी. ते पत्र मला तोंडपाठ आहे. राजाच्या अंगरख्याचं वाचून मला अभिमान वाटला होता आणि तो लिहायची मला लाज वाटली. मला माफ कर किंवा करू नकोस, पण मी चुकलो.

संपादकांनी ते वाचलं असतं तर एका फटक्यात कापलं असतं. पण छापायला जाण्याआधी पानावरून शेवटची नजर खाडाखोडेची फिरायची. संपादकांनी वाचून मंजूर केलेला मजकूर काढून त्याने हा घातला. सव्वीस आणि चार, तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने असला आगाऊपणा केला होता.

शुक्रवारी संपादकांनी त्याला उभा-आडवा घेतला. सोमवारी पत्रं यायला लागली आणि बुधवारी त्याच संपादकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. लोक ढसाढसा रडले होते. बापांनी लिहिलं होतं, मुलींनी लिहिलं होतं, एका निवृत्त न्यायाधीशाने लिहिलं होतं, की मी आज माझ्या मुलाला फोन केला. खाडाखोडे, तुम्ही कमाल माणूस आहात, संपादक म्हणाले, आता या माफीवरच चार आठवडे काढा. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो गठ्ठ्यातली अक्षरं बघत होता.

तिचं कार्ड गुरुवारी आलं. पाच ओळींचं, नाव-पत्ता याही खेपेला नाही आणि शिक्का तसाच न लागणारा.

‘मी विश्वासाने लिहिलेलं तुम्ही तुमच्या डायरीत घातलंत. सात पानं, लाल शाई, सगळं. अंगरखासुद्धा, जो मी तुम्हाला लिहिलेलाच नव्हता, तो कसा सुचला देव जाणे. आणि वर माफीही मागून घेतलीत. माझ्या बाबांनी मागितलेली नाही. ती मागितली असती तर मी जन्मभर जपून ठेवली असती, ती अशी आयती वापरायला नको होती. आता मी अंक घेणार नाही.’

अंगरख्यापाशी ती अडखळली होती, बघा. एक क्षणभर अडखळली होती आणि पुढे निघून गेली. बापाने लिहिलं असेल हे तिच्या मनात येणार तरी कसं? ज्याने ते साप्ताहिक तिच्यासमोर फाडलं, तो ते लिहीत बसेल, आणि मी चुकलो म्हणेल, हे जगातली कुठलीही गोष्ट खरी मानणाऱ्या माणसालाही पटलं नसतं.

दुपारीच तो घरी आला. बायको खिडकीपाशी शर्टाला बटण लावत बसली होती. त्याने पत्र आणि कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर उभा राहिला. तिने दोन्ही वाचलं. पत्र दोनदा वाचलं.

‘खुशाल आहे म्हणायची,’ ती म्हणाली.

‘खुशाल आहे.’

‘येणार नाही.’

‘नाही. मी चांगला बाप लिहिला, म्हणून नाही येणार. मग खरा लिहिला, तर आता वाचणारही नाही.’

बायकोने दोरा दाताने तोडला. मग ती जे बोलली ते आठ वर्षांत एकदाही बोलली नव्हती.

‘अहो, ती वाट बघत होती. त्या पोरीने माफीची वाट बघितली आणि तुम्ही ती दुसऱ्याच्या बापाच्या तोंडी घातलीत. दीड वर्ष तिचा पत्ता होता आपल्याकडे. नाटक कंपनीचा. ज्यावर ते तपासलेलं पत्र तुम्ही धाडलंत, तोच. दोन ओळी लागल्या असत्या. तुमच्या नावाने. मी त्या पोरीला गप्प बस म्हटलं ते माझं पाप आहे, ते माझ्यापाशी. पण दोन ओळी तुमच्या होत्या.’

तो खाली बसला. खुर्ची पलीकडे होती तरी जमिनीवरच बसला. मग हमसून हमसून रडला. बायको काही जवळ आली नाही, पण उठूनही गेली नाही.

बऱ्याच वेळाने त्याने कागद मागितला. तिने आणून दिला. त्याने लिहिलं, ‘मी चुकलो. तुझे पत्र छान होते.’ खाली स्वतःचं नाव घातलं, खरं, पूर्ण. तिच्याकडे दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, एवढंच हवं होतं.

तिने पाकीट शोधून आणलं, कागद आत घातला, पाकीट चिकटवलं. आणि मग ते हातात धरून दोघं एकमेकांकडे बघत बसले, कारण त्यावर पत्ता काय लिहायचा हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.